वेगळ्या चुलीचा हट्ट

पंधरवड्यापूर्वी ठाण्यात एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता सिक्सजी, म्हणजे मोबाइल जाळ्यांची येऊ घातलेली पुढची पिढी. सभागृह जेमतेम अर्धं भरलेलं. त्यात निम्मे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, बाकीचे माझ्यासारखे निवृत्त, ज्यांना उकाड्यात तलावपाळीला चक्कर मारण्यापेक्षा एसीत बसणं बरं वाटलं. प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "चांद्रयान आपलं, यूपीआय आपलं, मग सिक्सजीचं मानक आपलं का नको?" टाळ्या कडाडल्या. मंचावरचे उद्योगातले पाहुणे हसून म्हणाले, "मानक कोणाचं याला काही महत्त्व नाही, बाजार ठरवेल ते आपण घेऊ." त्यालाही टाळ्या पडल्या, जरा कमी. दोन्ही वेळा माझे हात मांडीवरच राहिले.

माझ्या मते दोघंही चुकत होते, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच होती. मानक ही तयार वस्तू असते, ती एक तर घरी करायची नाहीतर दुकानातून आणायची, असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भारतानं सिक्सजीसाठी स्वतःचं वेगळं मानक काढू नये. आणि जगासाठी जे एकच मानक लिहिलं जातंय, ते लिहिणाऱ्यांत आपली माणसं आज आहेत त्याच्या कितीतरी पट वाढवावीत, पगार देऊन आणि वर्षानुवर्षं. पहिलं वाक्य ऐकून ते गृहस्थ चिडतील. दुसरं ऐकून पाहुणे चिडतील, कारण त्यात खर्च आहे.

मी काही या क्षेत्रातला शास्त्रज्ञ नव्हे. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात आम्ही टॉवरवरच्या अँटेनांचे क्लॅम्प आणि पत्र्याच्या पेट्या बनवायचो, त्यात माझी एकवीस वर्षं गेली. पण मानक बदललं की ड्रॉइंग बदलतं, ड्रॉइंग बदललं की डाय बदलते, आणि गोदामात पडलेला जुना माल भंगाराच्या भावानं जातो, एवढं त्या कामानं मला पक्कं शिकवलं.

मानक म्हणजे एक करारनामा, हजारो पानांचा. तुमच्या हातातला फोन आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा टॉवर एकमेकांशी कसे बोलतील ते त्यात लिहिलेलं असतं. कोणत्या लहरींवर बोलायचं, किती ताकदीनं, वाटेत अक्षर गळालं तर ते कसं ओळखायचं, लोकल मुंब्र्याकडून कळव्याकडे धावत असताना चालू कॉल एका टॉवरनं दुसऱ्याच्या हवाली कसा करायचा. हे सगळं थ्रीजीपीपी नावाच्या मंडळात ठरतं. ते १९९८ साली थ्रीजीसाठी सुरू झालं. आज त्याच्या मुळाशी सात संघटना आहेत: युरोपची एक, अमेरिकेची एक, जपानच्या दोन, कोरियाची एक, चीनची एक आणि आपली टीएसडीएसआय. त्याच्या वर संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना, आयटीयू. ती नव्या पिढीकडून काय अपेक्षा आहेत ते ठरवते आणि शेवटी शिक्का मारते. म्हणजे ज्याला आपण 'परकीय मानक' म्हणतो, त्याच्या दारावर सात पाट्या आहेत आणि सातातली एक आपली आहे. दीड तासाच्या परिसंवादात हे एकाच्याही तोंडून आलं नाही.

गृहस्थांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मानकात ज्याचं पेटंट शिरतं, त्याला प्रत्येक फोनमागे पैसे मिळतात. तुम्ही फोन कुठेही बनवा, ती वाट टाळून जाता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं लाव्हा या भारतीय कंपनीला स्वीडनच्या एरिक्सनच्या अशाच पेटंटांपोटी सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितली. नोएडात फोन जोडायचा आणि स्टॉकहोमला हप्ता भरायचा, हे कोणाला आवडेल? दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे गाव असतं, त्या गावासाठी ते मानक चांगलं चालतं. सोल आणि स्टॉकहोम समोर ठेवून लिहिलेलं मानक आमच्या मुरबाडला कसं बसावं?

मुरबाडचं नाव उगाच घेतलेलं नाही. कल्याण-नगर रस्त्यानं टोकावडं ओलांडून माळशेजच्या दिशेनं निघालात की फोनवरच्या दांड्या एकेक करून गळू लागतात. आतल्या पाड्यांवर तर एखादा ठरावीक दगड असतो, ज्यावर उभं राहिलं की बोलणं होतं. तिथली अडचण बहुतेकांना उलटी वाटते. लोकांचा समज असा की टॉवरचा आवाज पाड्यापर्यंत पोचत नाही. टॉवरचा आवाज पुष्कळदा पोचतो. पाड्याचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवरकडे कित्येक वॅटचा जोर असतो आणि आपल्या नेहमीच्या फोनकडे एक पंचमांश वॅट. टॉवर ओरडतो, फोन कुजबुजतो. त्यात फोनच्या लहरींना मध्येच उंच टोकं येतात. त्या टोकांवर आवाज फाटू नये म्हणून फोनला आहे तोही जोर आवरून धरावा लागतो.

आपल्या संशोधकांनी नेमकं इथंच बोट ठेवलं. आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद आणि चेन्नईची सीईडब्ल्यूआयटी ही संशोधन संस्था यांचं म्हणणं असं की भारतातल्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर जाणार आहे. टॉवर तिथं उभा करा आणि दोन टॉवरांमध्ये सहा किलोमीटर अंतर धरा. माणसं चालत किंवा सायकलवर असणार, बुलेट ट्रेनमध्ये नव्हे. एवढ्या अंतरावरून फोनची कुजबूज ऐकू यायला हवी, ही कसोटी फाइव्हजीला लावा. २०१७ साली आयटीयूनं ही कसोटी फाइव्हजीच्या अपेक्षांमध्ये घातली. फोनच्या लहरींची ती उंच टोकं सपाट करायची युक्तीही आपल्या लोकांनी पुढे केली. टोकं सपाट झाली की फोन आपला सगळा जोर वापरू शकतो. मला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत भारतीय दूरसंचार संशोधनानं केलेलं हे सगळ्यात शहाणं काम.

मग घोडं अडलं. ही युक्ती थ्रीजीपीपीच्या मानकात ऐच्छिक म्हणून बसत होती, आपल्याला ती सक्तीची हवी होती. ते मान्य होईना, म्हणून टीएसडीएसआयनं फाइव्हजीआय नावाचं वेगळं मानक तयार केलं. २०२१ साली आयटीयूनं त्यालाही मान्यता दिली. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. इकडे मोबाइल कंपन्या आणि यंत्रं बनवणारे दोघंही अडून बसले. त्यांचा सवाल होता की एका देशाच्या एका सक्तीसाठी वेगळी चिप कोण बनवणार, बनवलीच तर महाग पडणार नाही का, आणि बाहेरून आलेला फोन इथं चालेल का? शेवटी २०२१ सरता सरता तोडगा निघाला आणि फाइव्हजीआयमधला ऐवज थ्रीजीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घ्यायचं ठरलं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झालं ते सगळ्या जगाच्या मानकावर.

ही गोष्ट एक बाजू 'परकीयांनी आपलं मानक दाबलं' म्हणून सांगते आणि दुसरी 'हौसेचा फुगा फुटला' म्हणून. मी ती अशी वाचतो: आपल्याला दोनदा यश आलं आणि दोन्ही वेळा ते पंगतीत बसल्यावर आलं. कसोटी मान्य झाली ती आयटीयूच्या बैठकीत. ऐवज शिरला तो थ्रीजीपीपीत. मधली वर्षं मात्र वेगळी चूल मांडण्यात गेली, आणि तिच्यावर एकदाही भात शिजला नाही.

परिसंवादानंतर चहाच्या टेबलापाशी ते गृहस्थ पुन्हा भेटले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, पण चीननं केलंच ना?" हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता, तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायला हवं. चीननं थ्रीजीच्या वेळी टीडी-एससीडीएमए हे स्वतःचं मानक काढलं. २००९ च्या जानेवारीत त्याचा परवाना चायना मोबाइलला दिला. तोवर जपानमध्ये दुसऱ्या मानकावरचं थ्रीजी सुरू होऊन सात वर्षं उलटली होती. फोन मिळेनात, मिळाले ते बेतास बात. जगात सर्वाधिक ग्राहक असलेल्या कंपनीला आयफोन अधिकृतपणे विकायला २०१४ उजाडलं. पुढे ते जाळं मोडीत निघालं. तरीही फायदा झाला, हे मला मान्य आहे. त्या खटाटोपात हजारो अभियंते तयार झाले आणि त्यांच्या जोरावर चीननं फोरजीत टीडी-एलटीई रेटून नेलं. पण टीडी-एलटीई कुठे लिहिलं गेलं? थ्रीजीपीपीत, सगळ्यांच्या मानकाचा भाग म्हणून. आज आपल्याकडे २३०० मेगाहर्ट्झवर जे फोरजी चालतं, ते याच घराण्यातलं. चीनला जे मिळालं ते वेगळी चूल विझवून पंगतीत येऊन बसल्यावर. आणि शिकण्याची फी भरायला त्यांच्याकडे सरकारी हुकूम पाळणारी एक अगडबंब कंपनी होती. आपण तसा हुकूम कोणाला देणार? आणि महाग, निकृष्ट फोन घेऊन पाच वर्षं कळ काढायची कोणी, मुरबाडच्या पाड्यानं?

चीनचं उदाहरण देणारे जपानचं देत नाहीत. जपानचं टूजी स्वतःचं होतं, पीडीसी नावाचं. १९९३ मध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये बंद पडलं. तंत्र उत्तम, फोन देखणे, आणि ते जपानबाहेर चालत नसल्यामुळे जपानी कंपन्यांना बाहेरचं जग जिंकताच आलं नाही. कोरियानं उलट केलं. अमेरिकी क्वालकॉमचं सीडीएमए तंत्र घेऊन १९९६ मध्ये सगळ्यांआधी मोठ्या प्रमाणावर राबवलं आणि त्यातून स्वतःचे कारखाने उभे केले. त्याच कोरियाला पुढे वायब्रो या स्वतःच्या वायरलेस इंटरनेट तंत्राचा मोह झाला. तेही २०१८ च्या अखेरीस गुंडाळावं लागलं.

सीडीएमएचा विषय निघालाच आहे. नवी मुंबईला तो नवा नाही. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमनं कोपरखैरण्याहून सीडीएमएचा जो डाव मांडला, त्यानं मोबाइल रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्या हातात नेला, हे नाकारता येणार नाही. पण त्यानंतरची दहाएक वर्षं आपण एकाच देशात दोन जगांत राहिलो. एकाच गच्चीवर सीडीएमएचा ८०० मेगाहर्ट्झचा अँटेना आणि शेजारी जीएसएम या दुसऱ्या मानकाचा ९०० आणि १८०० चा. आमच्या कारखान्यात दोन मापांचे क्लॅम्प, दोन रॅक, आणि चुकीचा क्लॅम्प घेऊन गच्चीवर चढलेल्या पोरांच्या शिव्या. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून एक सीडीएमए फोन पडलेला आहे, कोणत्या कंपनीचा ते राहू द्या. त्याला सिमकार्डाची खाचच नाही. नंबर फोनच्या पोटात. कंपनी बदलायची तर फोन टाका, फोन बदलायचा तर कंपनीच्या दारात उभे राहा. जाळं बंद झालं त्या दिवसापासून तो पेपरवेट आहे. आणि हे तंत्र वाईट होतं का? मुळीच नाही. कोडच्या आधारानं एकाच पट्ट्यात अनेकांचं बोलणं वेगळं ठेवण्याची जी कल्पना सीडीएमएची, तीच उचलून जीएसएमवाल्यांनी आपलं थ्रीजी उभं केलं. कल्पना जगभर गेली. तिच्या भरवशावर फोन घेणारे आम्ही ड्रॉवर आवरत बसलो.

कोणी म्हणेल, रेल्वेनं नाही का स्वतःचं माप घेतलं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी साडेपाच फुटी रुळांवरून आली, युरोपच्या चार फूट साडेआठ इंची रुळांवरून नव्हे, आणि त्यानं आपलं काही अडलं नाही. खरं आहे. पण रूळ सीमेपाशी संपतात. फोन खिशात बसून दुबईला जातो आणि त्याची चिप तैवानहून येते. शिवाय देशातल्या देशात काय झालं ते मिरजेला आणि कुर्डुवाडीला विचारा. रुंद, मीटर आणि बार्शी लाइटची अडीच फुटी अशा मापांच्या सांध्यांवर हमालांनी पिढ्यान्‌पिढ्या पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवली. १९९२ साली सगळं एका मापात आणायचं धोरण घेतलं, त्याचं काम अजून पुरतं संपलेलं नाही. मुंबईची वीज १५०० व्होल्ट डीसी आणि बाकी देशाची २५ हजार व्होल्ट एसी, म्हणून इगतपुरीला इंजिन बदलायची वर्षानुवर्षांची खोटी. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून डीसी पूर्णपणे गेलं ते २०१५ मध्ये. आणि आज घोडबंदर रस्त्यावर आपल्या डोक्यावरून जी मेट्रोची लाइन गेली आहे, तिच्या रुळांचं माप १४३५ मिलिमीटर आहे, म्हणजे तेच चार फूट साडेआठ इंच. डबे आणि सुटे भाग चार ठिकाणांहून घासाघीस करून घेता यावेत, हा त्यामागचा साधा व्यवहार.

तरी मला रेल्वेपेक्षा जवळचं उदाहरण वाटतं ते आपल्या अक्षरांचं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी संगणकावर मराठी टाइप करून घेतलंय, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका जांभळी नाक्याजवळच्या एका डीटीपीवाल्यानं केली. मजकूर तपासायला मी फ्लॉपी कारखान्यात नेली, उघडली, आणि पडद्यावर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी डॉलर, टक्का, उलटी कंसं आणि मध्येच एक मोठा डब्ल्यू. डीटीपीवाला फोनवर शांतपणे म्हणाला, "काका, आमचा फॉन्ट टाकावा लागेल." प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी, 'क' कोणत्या खणात ठेवायचा हे प्रत्येकाचं स्वतंत्र राज्य. सरकारी मानक नव्हतं असंही नाही. इस्की होतं, १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोनं ते प्रमाणही केलं. पण बाजारानं ते मनावर घेतलं नाही आणि जगानं ऐकलं नाही.

सुटका झाली ती युनिकोडमुळे, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकामुळे. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली, ही पहिली लक्षात ठेवायची गोष्ट. आपलं काम वाया गेलं नाही, ते सगळ्यांच्या घरात जाऊन बसलं. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. युनिकोडमध्ये सुरुवातीला 'ॲ' हे अक्षर नव्हतं. हिंदीवाले 'ऐप' लिहून मोकळे होतात, मराठीला 'ॲप' लिहायचं असतं. मग मराठीनं स्वतःचं वेगळं युनिकोड काढलं का? आमचं अक्षर इथं का हवं, याचा रीतसर प्रस्ताव गेला आणि २००८ च्या आवृत्तीत 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'कऱ्हाड'मधला आणि 'दऱ्या'मधला तो भुवईसारखा अर्धा र, जो मराठी सोडून फारसा कोणाला लागत नाही, त्याचीही सोय तिथं आहे. आता जगातल्या कोणत्याही फोनवर, कोणत्याही कंपनीच्या, ही अक्षरं उमटतात. त्यासाठी आपल्याला एकही चिप बनवावी लागली नाही. आपल्या गरजेसाठी कोणीतरी कागद घेऊन गेलं आणि तो कागद मंजूर होईपर्यंत चिकाटीनं बसलं, एवढंच घडलं. मुरबाडच्या पाड्याची रेंज हा माझ्या लेखी असाच एक 'ॲ' आहे.

राहता राहिली चांद्रयान आणि यूपीआयची गोष्ट. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि झपाट्यानं पसरलं, कारण ते कोणत्याही फोनवर आणि कोणत्याही जाळ्यावर चालतं. खालचा फोन आणि खालचं जाळं जगाच्या मानकाचं होतं, म्हणून वरती आपल्याला हवं ते बांधता आलं. आणि चांद्रयान-३ शी संपर्क ठेवायला इस्रोनं आपल्या अँटेनांच्या जोडीला युरोप आणि अमेरिकेच्या अवकाश संस्थांच्या अँटेनांचीही मदत घेतली. लहरींची भाषा जुळत होती म्हणूनच ते जमलं. इस्रोचंच आणखी एक उदाहरण आहे, जे टाळ्यांच्या भाषणात सहसा येत नाही. नाविक ही आपली दिशादर्शन यंत्रणा सुरुवातीला लहरींच्या अशा पट्ट्यांवर होती की फोनच्या चिपवाल्यांना तिच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागे, आणि ते करत नसत. मग थ्रीजीपीपीच्या मानकात नाविकला जागा मिळवली गेली, आणि मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून जगातले फोन ज्या एल-वन पट्ट्यावर ऐकतात तो पट्टाही घेतला. उपग्रह आपला, घड्याळ आपलं, आणि पट्टा सगळ्यांचा.

सुरक्षेचा मुद्दाही लोक काढतात: परकीय मानकात चोरदरवाजा असला तर? मानक हा छापील, सगळ्यांना वाचता येणारा मजकूर आहे. चोरदरवाजा असलाच तर तो बहुधा यंत्रात असतो. तेव्हा यंत्रं आपली असावीत हा आग्रह योग्य, आणि त्यासाठी मानक वेगळं लागत नाही. बीएसएनएलचं फोरजी पाहा. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून ते इथं उभं केलं, उशीर झाला, थट्टाही झाली, पण ते आपलं आहे. आणि ते एलटीई या फोरजीच्या मानकावर चालतं, जगाच्या एलटीईवर. म्हणून तर बाजारातले बहुतेक फोरजी फोन त्याला चालतात. हा फरक त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना समजावून सांगितला असता तर निम्म्यांनी तरी हात खाली घेतले असते, असं मला अजून वाटतं.

आता मंचावरच्या पाहुण्यांकडे वळतो. 'बाजार ठरवेल' हे वाक्य वस्तूंच्या बाबतीत ठीक. मानक बाजारात यायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारी माणसं हाडामांसाची असतात. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या रीनो शहरात थ्रीजीपीपीची एक बैठक झाली. प्रश्न वरवर किरकोळ: वाटेत बिघडलेली अक्षरं दुरुस्त करायला फाइव्हजीनं कोणती पद्धत वापरायची? एकीकडे एलडीपीसी, अमेरिकेतल्या गॅलेजर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली. दुसरीकडे पोलर, तुर्कस्तानातल्या प्राध्यापक अरिकान यांनी २००९ मध्ये मांडलेली आणि चीनच्या हुआवेनं उचलून धरलेली. रात्री उशिरापर्यंत खल झाला आणि वाटणी झाली: डेटा एलडीपीसीला, नियंत्रणाचे संदेश पोलरला. दोन वर्षांनी चीनमध्ये लेनोव्हो या तिथल्याच कंपनीवर गहजब झाला, की तुम्ही मतदानात आधी हुआवेच्या विरुद्ध बाजूला कौल कसा दिलात. संस्थापकांना जाहीर खुलासा करावा लागला. एका तांत्रिक मतावरून देशभर वादळ! आपल्याकडे अशा बैठकीत भारतीय कंपनीनं कोणाच्या बाजूनं हात वर केला, हे कधी कोणी विचारलंय? बाजार त्या खोलीत नव्हता. खोलीत होते ते गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेले, झोप न झालेले प्रतिनिधी.

अशा बैठका आठवडाभर चालतात, एकेका बैठकीला शेकड्यांनी कागद येतात, आणि तिथं वजन असतं ते सतत येणाऱ्याला. एकदा जाऊन छान सादरीकरण करून परतणाऱ्याला तिथं कोणी विचारत नाही. गेल्या वेळी कशावर तडजोड झाली होती, कोणाला कशाची भीती आहे, कोणत्या शब्दाला कोण अडेल, हे ठाऊक व्हायला वर्षं लागतात. त्या खोल्यांत भारतीय नावं दिसत नाहीत असं नाही, भरपूर दिसतात. पण पट्ट्यावर कंपनी दुसऱ्या देशाची असते. सरकारनं मार्च २०२३ मध्ये भारत सिक्सजीचं दृष्टिपत्रक जाहीर केलं आणि जगातल्या सिक्सजी पेटंटांपैकी दहा टक्के आपली असावीत असं बोललं जातं. चांगलंच आहे. पण पेटंट नोंदवणं वेगळं आणि ते मानकाच्या कलमात बसवणं वेगळं. कलमात न बसलेलं पेटंट भिंतीवर लावायच्या प्रमाणपत्राएवढंच उपयोगी. कलमात बसवायला तो पट्टा घालून बसणारा माणूस लागतो, आणि त्याचं विमानभाडं मंजूर करताना 'गेल्या वर्षी गेला होतात ना?' असं न विचारणारा साहेब लागतो.

वेळही फार नाही. सिक्सजीकडून काय हवं याचा आराखडा आयटीयूनं २०२३ मध्येच मंजूर केला. त्यात सर्वदूर जोडणी हा स्वतंत्र हेतू म्हणून नोंदलेला आहे आणि त्यासाठी भारतानं जोर लावला होता. थ्रीजीपीपीत विसाव्या आवृत्तीखाली सिक्सजीचा अभ्यास चालू आहे, प्रत्यक्ष कलमं एकविसाव्यात येतील. म्हणजे हेतू कागदावर आलाय. आता त्या हेतूचं कलम करताना 'ऐच्छिक' लिहायचं की 'सक्तीचं', हे ठरेल. फाइव्हजीच्या वेळी आपलं घोडं नेमकं याच शब्दावर अडलं होतं. या वेळी अडलं तर वेगळं मानक काढायची धमकी देण्यापेक्षा, त्या शब्दासाठी आधीपासून ब्राझील, इंडोनेशिया, आफ्रिकेतले देश असे दूरदूरच्या वस्त्यांचे सोबती जमवलेले असणं मला जास्त कामाचं वाटतं. मुरबाडसारखे पाडे फक्त आपल्याकडेच आहेत थोडे?

चहाच्या टेबलापाशी आमचं बोलणं चालू असताना ऐरोलीच्या बाजूनं आलेली एक विद्यार्थिनी शेजारी उभी राहून ऐकत होती. शेवटच्या वर्षाला होती, प्रकल्प अँटेनावरच. मध्येच तिनं विचारलं, "सर, पण त्या बैठकीला जायचं असेल तर अर्ज कुठं करायचा? कॉलेजमार्फत जाता येतं का, की कंपनीच लागते?" गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी कप खाली ठेवला, खिशातून कार्ड काढलं आणि म्हणाले, "मेल कर, बघतो कोणाला विचारता येतं का."